दोन मिनिटांचं सीमांतपूजन

हैद्राबाद शहराची शीव नेमकी कुठं आहे, हे मला कुणीतरी सांगावं. मी हा प्रश्न व्याह्यांना विचारला, भटजींना विचारला, शहराच्या कचेरीला अर्ज करून विचारला, रेल्वेलाही विचारला. सगळ्यांनी उत्तरं दिली, हीच माझी तक्रार आहे. एकाही उत्तराचं दुसऱ्याशी जमेना. छप्पन साल होतं. दिल्लीत बसून मोठी माणसं राज्यांच्या सीमा आखत होती, बिदर कुणाकडं जाणार यावर आमच्या हळ्ळीखेडच्या बाजारात रोज दोन माणसांचं बोलणं बंद होत होतं, आणि इकडं एका शहराची शीव कुणाला सांगता येत नव्हती. अशा देशात मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला.

आता मला शीव कशाला हवी होती, ते सांगतो. मला तीन मुली आणि त्यांच्या पाठीवर एक मुलगा, माणिक. मुलीच्या बापानं गावच्या शिवेवर जायचं, आलेल्या वऱ्हाडाला सामोरं जायचं, आणि आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणं वराच्याही आधी वरबापाचे पाय धुवायचे. हे मी तीनदा केलं. भालकीचे व्याही म्हणाले, पाणी गार आहे. कोहिनूरचे व्याही बैलगाडीत जागा नव्हती म्हणून अर्धी वाट चालत आले होते, त्यांना तीन तांबे लागले. अफजलपूरच्या व्याह्यांना गुदगुल्या फार. मी हात लावला की ते पाय झटकायचे. तिसऱ्या झटक्याला परातीतलं सगळं पाणी माझ्या तोंडावर आलं, वऱ्हाड हसलं, आणि व्याही मलाच म्हणाले, ‘मास्तर, जरा हळू.’

त्या दिवशी तोंड पुसता पुसता मी ठरवलं, की माणिकच्या लग्नात माझेही पाय धुतले जातील. शिवेवर, चारचौघांत, वाजंत्री लावून. आणि गुदगुल्या झाल्या तरी मी हलणार नाही. माणसाच्या आयुष्यात फार मोठ्या इच्छा नसाव्यात असं मीच वर्गात सांगतो. ही काही फार मोठी इच्छा नव्हती.

माणिकला मुलगी सांगून आली ती हैद्राबादची. माघात आमच्या सौ. सुमतीबाई आणि त्यांचे बंधू किशनराव जाऊन पाहून आले. मला परीक्षांमुळं जाता आलं नाही, त्यामुळं मी ना सून पाहिली होती ना व्याही. किशनराव जुन्या राजवटीत तहसिलीत पेशकार होते. राजवट गेली, पेशकारी गेली, आवाज तेवढा राहिला. त्या आवाजात त्यांनी सांगितलं की मुलगी लाखात एक आहे, नाव नलिनी, आणि घर काचीगुडा स्टेशनाच्या अगदी समोर आहे.

देण्याघेण्याची बोलणी दोन पत्रांत संपली. व्याही पांडुरंगराव कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क, त्यांचं अक्षर सुरेख, मजकूर थोडका. तिसऱ्या पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘सीमांतपूजन स्टेशनवरच उरकून घेऊ.’ ‘उरकून’ हा शब्द मी दोनदा वाचला. मी तीन सीमांतपूजनं केली, एकही उरकलं नव्हतं. पण तेही मी पोटात घातलं आणि एवढंच विचारलं, की कुठल्या स्टेशनवर?

इथून सगळं सुरू झालं. आमच्या हळ्ळीखेडला एकही स्टेशन नाही. गाडी धरायला मोटारीनं बिदरला जावं लागतं, आणि बिदरलाही स्टेशन म्हणजे एकच स्टेशन. हैद्राबादला मात्र गाडी शहरात शिरते की स्टेशनांची रांगच लागते. लिंगमपल्ली, हाफीजपेठ, बेगमपेठ, खैरताबाद, नामपल्ली. मधूनच एक फाटा सिकंदराबादला. काचीगुड्याची छोटी गाडी तर वेगळ्याच रुळांवरून चालते. ज्या माणसाच्या दारात स्टेशन आहे त्याच्या दारात आमची गाडी तेवढी जात नाही, हा योगायोग मला तेव्हाच पटला नव्हता.

शेजारचे बसवंतप्पा कापडाचे व्यापारी. वर्षातून चारदा हैद्राबादला जातात, म्हणून त्या शहरावर गावात त्यांचाच शब्द चालतो. ते कट्ट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, ‘मास्तर, कामून येवढा इचार करायलाव? लिंगमपल्ली आली की मी धोतर झटकून टोपी घालतो. हैद्राबाद तिथंच सुरू होतंय.’ किशनरावांना हे मान्य नव्हतं. लिंगमपल्लीत शेतं आहेत, शेतात कुणी वरबापाचे पाय धुतो का, असं त्यांचं म्हणणं. ‘दाजी, बेगमपेठ. मोठी माणसं तिथंच उतरायलीत. विमानसुद्धा तिथंच उतरतंय.’ भटजी म्हणाले, शास्त्र सरळ आहे, जिथं वेशीवरचा मारुती असेल तिथं गावाची शीव. मी लगेच पांडुरंगरावांना पत्र टाकून विचारलं की कोणत्या स्टेशनाजवळ मारुती आहे. उलटटपाली उत्तर आलं: ‘सर्व.’

सुमतीबाई हे सगळं ऐकत तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘शाळेतनं आल्यावर रोज दारात तांब्याभर पाणी द्यायलेय तुमाला. ते पाय नव्हतं का?’ बायकांना परंपरा कळत नाही.

मी शिक्षक माणूस, मला लेखी पुरावा लागतो. मी शहराच्या कचेरीला रीतसर अर्ज केला, की विवाहकार्यासाठी शहराची हद्द कळवावी. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अर्जात बेगमपेठचा उल्लेख असल्यानं अर्ज सिकंदराबादच्या कचेरीकडं पाठवला आहे, असं त्यात होतं. सिकंदराबादच्या कचेरीनं कळवलं, की बेगमपेठच्या एका बाजूचा रस्ता आमच्याकडं आहे, दुसऱ्या बाजूचा त्यांच्याकडं, आणि मधले रूळ रेल्वेचे आहेत. तरी अर्जदारानं पाय कुठल्या बाजूला धुवायचे आहेत ते स्पष्ट करावं. पाय धुण्याचा उल्लेख मी कशाला केला, असं किशनराव म्हणाले. मी म्हटलं, सरकारपासून काही लपवू नये.

रूळ रेल्वेचे म्हणून मग रेल्वेला लिहिलं. त्यांचं उत्तर सगळ्यांत स्वच्छ होतं. फलाटावर वाद्य वाजवू नये, दिवा पेटवू नये, पाणी सांडू नये. घ्यायला येणाऱ्या प्रत्येकानं फलाटाचं तिकीट काढावं. बिदरकडची गाडी बेगमपेठला दोन मिनिटं थांबते. म्हणजे वाद्यांशिवाय, निरांजनाशिवाय, पाणी न सांडता, दोन मिनिटांत माझे पाय धुवायचे होते. तरी मी म्हटलं, चालेल. मी पांडुरंगरावांना निक्षून कळवलं की बेगमपेठ ठरलं. उतरायचं, पाय धुऊन घ्यायचे, पुन्हा गाडीत चढायचं, आणि नामपल्लीला सगळ्यांनी उतरायचं.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे लग्नात कुणाला माहीत नसतं. आम्ही घरच्या पडवीत तालीम केली. किशनराव घड्याळ घेऊन उभे, बसवंतप्पा व्याही झाले, मी गाडीतून उतरल्यासारखा पायरीवरून उतरलो. पहिल्यांदा पावणेपाच मिनिटं लागली. भटजींनी मंत्र कापून अर्धे केले, तरी साडेतीन झाली. मग लक्षात आलं की वेळ खातात ते माझे नवे पंपशू. माणिकच्या लग्नासाठी मी बिदरहून घेतलेले, काळे, चकचकीत. ते पायात जायला एक मिनिट घेत आणि निघायला दीड. बसवंतप्पांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि जोड्यासकट अंगणात जाऊन बसले. शेवटी किशनरावांनी तोड काढली. ‘दाजी, शंकरपल्ली गेली की जोडे काढूनच बसा. मी धरतो. चढलं की परत घाला.’ जोडे वगळून आम्ही एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलो. मला त्या दिवशी किशनरावांचा अभिमान वाटला होता, ही गोष्ट मी आज शरमेनं नोंदवतो.

वैशाखात आम्ही बावीस माणसं निघालो. बायका आणि सामान एका डब्यात, आम्ही पुरुष दुसऱ्यात. पैशांचा कसा सुमतीबाईंकडं, कारण माझ्या खिशातून गोष्टी पडतात असं त्यांचं मत आहे. तिकिटं किशनरावांकडं, कारण त्यांनी ती मागून घेतली. शंकरपल्ली गेल्यावर मी जोडे काढून त्यांच्या हातात दिले, डोक्यावरचा जरीकाठी रुमाल पुन्हा नीट बांधला आणि दाराशी उभा राहिलो. पायाला लोखंड तापलेलं लागत होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. इतक्या वर्षांनी माणसाची पाळी येते तेव्हा तो पायाचे चटके मोजत नाही.

लिंगमपल्लीला आमची गाडी थांबत नव्हती. सावकाश जात होती एवढंच. फलाट आला तसं मला दिसलं की तिथं कुणाचं तरी वऱ्हाड उतरायचं आहे. जरीची टोपी घातलेले एक गृहस्थ हातात चांदीची परात घेऊन उभे. शेजारी कळशी, पाट, पाटाभोवती रांगोळी. मागं चार वाजंत्रीवाले, आणि रेल्वेचा माणूस शेजारी असूनही सनई चालू. मी मागं वळून बसवंतप्पांना म्हटलं, ‘बघा. याला म्हणतात व्यवस्था. कुणीतरी भाग्यवान वरबाप येतोय.’ ते गृहस्थ आमच्या गाडीकडं पाहून हात हलवायला लागले. मीही मोठ्या मनानं हात हलवला.

ते पांडुरंगराव होते. हे मला संध्याकाळी कळलं. शहराच्या कचेरीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की हद्द आता वाढणार आहे, खरी शीव लिंगमपल्लीलाच धरा. माणूस कर्तव्याला चुकायचा नाही म्हणून ते पहाटेच्या लोकलनं तिथं जाऊन बसले होते. तसं पत्रही त्यांनी टाकलं होतं, ते आम्ही निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी हळ्ळीखेडला पोचलं. लोकल तिथं थांबते म्हणून आमचीही थांबेल असं ते समजले. सुमतीबाईंनी पलीकडच्या डब्यातून त्यांना ओळखलं, हाका मारल्या, पदर हलवला. पण एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ऐकू जात नाही. किशनरावांनी त्यांना माघात पाहिलं होतं. ते माझे जोडे छातीशी धरून झोपले होते.

बेगमपेठ आलं. मी उतरलो. फलाटावर दोन हमाल, एक झोपलेला माणूस आणि केळीवाली. व्याही नाहीत, परात नाही. मला वाटलं, उन्हामुळं सावलीत बसले असतील. फरशी अशी तापली होती की पाय टेकवत नव्हता. मी उड्या मारत मुसाफिरखान्यापर्यंत गेलो, आत डोकावलो, आणि मागं शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा मी डब्यापासून चाळीस पावलांवर होतो. बसवंतप्पा खिडकीतून ओरडले, ‘मास्तर, मागच्या गाडीनं या.’ त्यांच्या मागून किशनरावांनी माझे जोडे दाखवले, का ते त्यांनाच ठाऊक.

तर अशा रीतीनं वराचा बाप बेगमपेठ स्टेशनवर अनवाणी, बिनतिकिटाचा आणि बिनपैशाचा उभा राहिला. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं. इथं भांडायलाही कुणी नव्हतं. केळीवालीनं एक केळ देऊ केलं, ते मी बाणेदारपणे नाकारलं. त्याचा मला पुढं दोन तास पश्चात्ताप झाला.

अर्ध्या तासानं लोकल आली. खैरताबादला ती थांबली, आणि समोरच्या रुळावर उलट दिशेची गाडी उभी होती. तिच्या खिडकीत किशनराव. मला आणायला म्हणून ते बाकीची तिकिटं बसवंतप्पांकडं देऊन खैरताबादला उतरले आणि परत बेगमपेठला निघाले होते. आमच्यात चार हातांचं अंतर होतं. त्यांनी एक जोडा बाहेर काढून माझ्याकडं लांबवला. मीही खिडकीतून हात काढला. चार बोटं कमी पडली. मी म्हटलं, फेका. ते म्हणाले, नवे आहेत, ओरखडा पडेल. तेवढ्यात दोन्ही गाड्या सुटल्या आणि माझे पंपशू मागं मागं जात दिसेनासे झाले. पुढं किशनरावांना पुन्हा झोप लागली, ते बेगमपेठ सोडून सिकंदराबादला पोचले, आणि जोडे सुरक्षित राहावेत म्हणून त्यांनी ते तिथल्या बेवारस सामानाच्या खोलीत माझ्या नावानं जमा केले. पेशकार माणूस. रीतसर केलं.

नामपल्लीला दारात तिकीटबाबूनं अडवलं. शेरवानीतले म्हातारे गृहस्थ होते. मी म्हटलं, तिकीट मेव्हण्याकडं आहे, मी वरबाप आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खालीच थांबले. ‘दुल्हे के बावा बोलते, और पाँव में जूता नईं. जूता किधर है?’

‘सिकंदराबादकडे गेला.’

‘अकेला गया?’ त्यांनी विचारलं. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ‘कायकू उतारे थे?’

मग मी सगळं सांगितलं. तीन मुली, अफजलपूरचे व्याही, परात, दोन मिनिटं. रांगेतले चार लोकही ऐकायला थांबले. म्हातारबाबा म्हणाले, ‘मेरे कू भी चार बेटियाँ हैं. चारों के टाइम पे हात बाँध के खड़ा रहा मैं. जाओ बावा.’ असं म्हणून त्यांनी दांडा उचलला. साऱ्या दिवसात माझी बाजू समजून घेणारा हा एकच माणूस भेटला, आणि तोही माझ्या व्याह्यांकडचा नव्हता.

बाहेर आमचं कुणी नव्हतं. व्याह्यांचा पुतण्या वऱ्हाडाला टांग्यांत बसवून जानोशाला घेऊन गेला होता. बावीस माणसांत दोन कमी आहेत हे त्यानं मोजलं नाही. मी काचीगुड्याचा रस्ता विचारत निघालो. वैशाखातली दुपार, डांबराचा रस्ता. डांबर पाघळलेलं. शंभर पावलांत माझे तळवे काळे झाले, दोनशेत चिकटायला लागले, आणि सुलतानबाजारच्या अलीकडं मला पुढं पाऊल टाकवेना. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. डोक्यावरचा जरीकाठी रुमाल सोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि पायांना गुंडाळले.

यावर लिहायला मला अजून जड जातं. अडलेला मुलीचा बाप व्याह्याच्या पायावर पागोटं ठेवतो, हे मी ऐकलं आहे, एकदा डोळ्यांनी पाहिलंही आहे. मी मुलाचा बाप. मी स्वतःचं पागोटं स्वतःच्या पायावर ठेवलं, आणि समजूत काढायलाही मीच होतो.

काचीगुडा स्टेशनासमोर मांडव दिसला. पुढच्या दारात सनईवाल्यांची जागा रिकामी, कारण सनईवाले लिंगमपल्लीला. तसल्या अवतारात पुढच्या दारानं जायची मला लाज वाटली. मी बोळातून मागच्या अंगणात शिरलो. तिथं नळाशी एक मुलगी हाताला लागलेली हळद धूत होती. तिनं माझं उघडं डोकं पाहिलं, घामेजलेला सदरा पाहिला आणि म्हणाली, ‘आचाऱ्यांकडचे का? या काका. पाय धुऊन आत या.’

मला आयुष्यात पुष्कळदा राग आला आहे, पण एवढा कधी आला नसेल. तीन महिने ज्या चार शब्दांसाठी मी कचेऱ्या पालथ्या घातल्या, ते शेवटी मला असे ऐकायला मिळाले. मी नळाशी गेलो आणि रुमाल सोडायला लागलो. तो सुटेना. डांबरानं चिकटला होता.

‘थांबा,’ ती म्हणाली. जवळ येऊन पाहिलं. ‘कुठून चालत आलात?’

‘नामपल्लीहून.’

‘अनवाणी? कामून?’

सत्तावीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, आणि येत असेल तर ते ताठ उभं राहून द्यावं. मला उत्तर येत होतं. पण ते त्या पोरीसमोर तोंडातून निघेना. ‘जोडे गाडीत राहिले,’ मी म्हटलं.

तिनं आतून खोबरेल तेलाची वाटी आणली. खाली बसली, माझा पाय ओढून पाटावर ठेवला, तेल लावून बोटानं डांबर सोडवलं, मग तांब्यानं हळूहळू पाणी घातलं. एक पाय, मग दुसरा. टाचेला फोड आला होता, तिथं फुंकर घातली. ‘हलू नका,’ म्हणाली. मला गुदगुल्या झाल्या. मी हललो नाही.

तेवढ्यात सुमतीबाई मला शोधत मागच्या दारात आल्या. ‘अहो, तुमी इथं? आणि पाय कुणाकडून धुऊन घ्यायलाव? आपली नलिनी हाय ती.’ त्या मुलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग तो खाली ठेवून, पदर डोक्यावर ओढून ती जी आत पळाली ती दुसऱ्या दिवशी अंतरपाटामागंच दिसली.

दिवेलागणीला पांडुरंगराव आले. लिंगमपल्लीहून लोकल चुकली, पुढं मालमोटारीत बसून आले होते, अंगावर सगळा भुसा. हातात ती परात तशीच. ‘व्याही, हजारदा माफी. आत्ता करू,’ म्हणाले. मी लगेच खुर्ची पुढं ओढली. पण त्यांच्या भटजींनी मान हलवली. पाहुणा उंबरा ओलांडून आत आला, आता कसली शीव, असा त्यांचा सवाल. पांडुरंगरावांनी खाली पाहिलं आणि भोळेपणानं म्हणाले, ‘पाय तर स्वच्छच आहेत.’ खरंच होतं. त्या मांडवात माझ्याइतके स्वच्छ पाय कुणाचेच नव्हते. सगळे म्हणाले, त्यात काय एवढं. हे वाक्य म्हणणाऱ्या एकाही माणसानं तीनदा पाय धुतलेले नव्हते.

लग्न उत्तम झालं. मी रुसून बसलो होतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जोडे नसल्यानं मला जागेवरून उठताच येत नव्हतं. पायाची कथा मी कुणाला सांगितली नाही. नलिनीनंही सांगितली नाही. सुमतीबाईंनी सांगितली, पण त्यांना त्यात विशेष काही दिसलं नव्हतं.

जोड्यांसाठी मी बेवारस सामानाच्या खोलीला चार पत्रं लिहिली. दर वेळी छापील कागद येतो. मालकानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं समक्ष यावं, जोड्याचा रंग लिहावा, आणि शेवटचा रकाना: वस्तू अंगावेगळी करण्याचं कारण. तो रकाना मी कोरा ठेवतो म्हणून कागद परत येतो.

अशात दिवाळी आली, आणि ऐन दिवाळीत सीमा ठरल्या. आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, हैद्राबाद आंध्रात. हळ्ळीखेडच्या बाजारात उरलेल्यांचंही बोलणं बंद झालं. दुसऱ्याच दिवशी पांडुरंगरावांचं पत्र आलं. माझा चष्मा सापडेना, म्हणून नलिनीनं वाचून दाखवलं. ‘तुळशीच्या लग्नाआधी दिवाळसणास चि. माणिकराव व चि. सौ. नलिनी यांस घेऊन आपण उभयतांनी यावं. वैशाखातली चूक माझ्या मनात सलते आहे. आता सरकारनंच सीमा आखून दिली आहे. बिदर सोडलं की जहीराबाद आमच्याकडं. तिथं गाडी पुष्कळ थांबते. मी परात, पाट व वाजंत्री घेऊन हजर राहीन व राहिलेलं आपलं पाद्यपूजन यथासांग करीन.’

यथासांग. उरकून नव्हे. मी खांबाला टेकून बसलो होतो, तो ताठ झालो. सहा महिन्यांच्या रागाचं शेवटी सार्थक झालं होतं. मी माणिकला हाक मारणार, तेवढ्यात माझं लक्ष नलिनीकडं गेलं. पत्र तिच्या हातातच होतं.

‘मामंजी,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी अनवाणी आलात, ते यासाठी?’

मी म्हटलं, ‘जोडे गाडीत राहिले होते.’

ती हसेल अशी मला भीती होती. ती हसली नाही. पत्राची घडी घालत म्हणाली, ‘मग माझी चूक झाली. पाय धुतले, पण कुंकू लावायचं राहिलं.’

आणि आत स्वयंपाकघरात गेली.

मग चष्मा सापडला, तो डोक्यावरच होता. दौत घेतली आणि व्याह्यांना उत्तर लिहिलं. राग मी सोडलेला नाही, तो वैशाखाइतकाच आहे. म्हणून मी स्पष्ट लिहिलं, की आपण परात आणू नये, पाद्यपूजन आपल्याच घरी, आपल्याच नळावर झालेलं आहे, आपल्यालाच त्याची खबर नाही. वाजंत्रीही नको. आपण एवढंच करावं, की सिकंदराबादेला जाऊन माझे पंपशू सोडवावेत आणि ते घेऊन जहीराबादला यावं. आपला अधिकार सोबतच्या चिठ्ठीत लिहून दिला आहे. रंग काळा. तिथं शेवटच्या रकान्यात जोडे का काढले असं विचारतात. तिथं लिहा: सुनेकडून पाय धुऊन घ्यायचे होते.